विहिरीतला राजपुत्र आणि पुंडलिकरावांचा कापूस

राजपुत्र प्रतापकेतू जादूगाराच्या विहिरीत उलटा लटकला आणि पुंडलिकराव राऊतांच्या वावरातली वेचणी जागच्या जागी थांबली. बायांचे हात बोंडांवर तसेच राहिले आणि सगळ्यांच्या माना धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे वळल्या.

"मंग?" तुळसाबाईनं विचारलं.

धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसलेल्या पुंडलिकरावांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं, घसा खाकरला आणि आपल्या खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली, "'भाग दुसरा. प्रिय वाचकहो, राजपुत्राला तूर्त तिथेच राहू द्या. आता आपण हिरजी नायक नावाच्या मीठ वाहणाऱ्या लमाणाकडे वळू.'"

"राहू द्या?" तुळसाबाई कमरेवर हात ठेवून ताठ उभी राहिली. "मानूस उलटा लटकून राह्यला, अन् म्हन्ते राहू द्या? अन् हा हिरजी कोन आनला मधातच?"

हिरजी कोण, हे पुंडलिकरावांनाही चटकन आठवेना. त्यांनी मागची पानं चाळली. सातव्या प्रकरणात राजपुत्राच्या छावणीवर एक लमाण मीठ घेऊन येतो, राजपुत्राचा घोडा त्याच्या बैलांपुढचा कडबा खाऊन टाकतो, लमाण "मीठ घ्या महाराज" एवढंच म्हणतो आणि आपल्या वाटेनं निघून जातो. एवढाच त्याचा कारभार. पण पुढे लेखकाचा त्याच्यावर जीव जडला असावा. लेखकांचं काही सांगता येत नाही. दुसरा भाग पहिल्यापेक्षाही जाड होता आणि तो सगळाच्या सगळा हिरजीचा होता.

कादंबरी वाचून कापूस वेचून घ्यायचा, ही कल्पना पुंडलिकरावांना सुचली होती ती निव्वळ कंजूषपणातून. त्या वर्षी बोरखडीत सगळ्यांचा कापूस एकदमच फुटला. वेचणाऱ्या बाया मात्र दरवर्षीच्याच. काही गावातल्या, काही नाल्यापलीकडच्या तांड्यावरच्या. ज्याच्या वावरात बाया त्याचा कापूस घरात, बाकीच्यांचा मातीत. शेजारचे विठ्ठलराव हुशार निघाले. त्यांनी दुपारी बायांना गुळाचा चहा पाजायला सुरुवात केली आणि झाडून साऱ्या बाया तिकडे गेल्या.

"तुमीबी चहा द्या ना," इंदूबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या. पण चहाला गूळ लागतो, पत्ती लागते, सरपण लागतं. वाचायला नुसती जीभ लागते, आणि ती पुंडलिकरावांकडे भरपूर होती. ते सातवी पास होते. श्रावणात गावाला पोथी तेच वाचून दाखवत. आपल्या आवाजावर त्यांचं इतकं प्रेम होतं, की एकटे असले तरी ते मनातल्या मनात न वाचता मोठ्यानंच वाचत. त्यांनी नेरला जाऊन राक्षस, जादूगार आणि बोलके पोपट असलेली एक लठ्ठ अद्भुत कादंबरी पैदा केली आणि धुऱ्यावर बैठक मारली.

बाया परत आल्या. विठ्ठलरावांचा चहा चुलीवर आटत राहिला. पहिल्याच दिवशी तुळसाबाईनं पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, कारण मांडी घालून जे मोठ्यानं वाचतात ती पोथी, असा तिचा सरळ हिशेब होता. ही पोथी नव्हे, हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आपल्या मांडीवरच्या पुस्तकाला कुणी हळदकुंकू वाहत असताना गैरसमज दूर करण्याइतका निर्लोभी माणूस बोरखडीत तरी नव्हता.

तो मोह आता अंगाशी आला.

"काढा त्याले भाईर," तुळसाबाई म्हणाली. "पोथीतला मानूस लटकता ठेवून पुढं जात नाईत भाऊ. माह्या सासऱ्यानं एकडाव पोथी मधातच सोडली, तं घरची म्हैस आटली."

"अवो, ही तशी पोथी नोय, तुळसाबाई."

"कशी का असंना. कळंबच्या चिंतामनीची आन घेऊन सांगतो, राजपुत्र विहिरीतून निंगत नाई तोवर मी कापसाले हात लावत नाई!"

असं म्हणून तिनं कमरेला बांधलेली कापसाची ओटी सोडली आणि ती बांधावर जाऊन बसली. तिच्यामागे गावच्या सगळ्या बाया बसल्या. आण एकटीनं घेतली होती, पण तिचं पुण्य सगळ्यांनाच हवं होतं. उन्हात वाकण्याऐवजी सावलीत बसून मिळणारं पुण्य कोण सोडतं?

"बरं बाप्पा, हिरजीले टाकून देतो," पुंडलिकराव घाईघाईनं म्हणाले. "राजपुत्राचंच पाह्यतो पुढं कुठं आलं तं."

"कोनाले टाकून देता?" हा आवाज वावराच्या दुसऱ्या अंगाकडून आला. तांड्याच्या लालीबाईचा. कोपरापर्यंतच्या बलोयांचा, पांढऱ्या बांगड्यांचा खळखळाट करत ती पुढे आली. "हिरजी नाईक हाये. आमच्यातला हाये. आमचा आजा असाच लदेणी घेऊन जाये, बैलायच्या पाठीवर मीठ लादून, मुलूखच्या मुलूख पालथे घाले. आजवर पोथीत राजे आले, बामन आले, माकडं आले, आमचा मानूस कदी आला नाई. आता आला हाये तं त्याले टाकून देता?"

"तसं नाई, लालीबाई..."

"हिरजी थांबला तं तांडाबी थांबला. पाहून घ्या."

लालीबाई हे अगदी मनापासून बोलत होती, आणि पुंडलिकरावांना क्षणभर स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून कापूस घरात येत नाही. हिरजीचं वाचावं तर गाव बसतं, न वाचावं तर तांडा बसतो. वर दारव्ह्याकडून ढग यायला लागले होते. फुटलेल्या कापसावर एक सर आली की वर्षाची मेहनत काळी पडली म्हणून समजा. त्या दिवशी अर्धं वावर तसंच पांढरं सोडून पुंडलिकराव घरी गेले.

संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी पुढची पानं भराभर चाळली. हिरजी डोंगर चढत होता, हिरजी राक्षसाला मीठ चाखवत होता, हिरजी पोपटाशी वाद घालत होता. राजपुत्राचा पत्ताच नव्हता.

"मेला असंन," भाकरी थापता थापता इंदूबाई म्हणाल्या.

"मेला तं तुळसाबाई जलमभर कापूस वेचनार नाई!"

"मंग तुमीच काढा त्याले. पुस्तकात कोन डोकावून पाह्यते तुमच्या?"

इंदूबाई सहज बोलून गेल्या. पुंडलिकरावांनी मात्र ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या त्या दोन टोळ्या करूनच. गाव वावराच्या वरच्या अंगाला, तांडा खालच्या अंगाला. पुंडलिकरावांनी आधी खालच्या धुऱ्यावर हिरजीचं एक पान वाचलं. मग पुस्तक काखेत मारून ते वर पळाले आणि तेच पुस्तक उघडून त्यात नसलेला मजकूर वाचायला लागले, "'इकडे विहिरीत राजपुत्रानं दोर सोडवला आणि तो हळूहळू वर चढू लागला.'"

"निंगाला काय भाईर?" तुळसाबाईनं विचारलं.

"निंगून राह्यला. विहीर खोल हाये ना."

तुळसाबाईनं आपल्या शपथेचा विचार केला. कापूस वेचला तर मजुरी, न वेचला तर नुसतं पुण्य, आणि पुण्याचा कालचा पुरवठा तसा पुरेसा झाला होता. "चढून राह्यला असंन तं आमी वेचून राह्यलो," ती म्हणाली. "थांबला का आमीबी थांबलो."

आता राजपुत्राला चढतं ठेवणं भाग होतं. तो चढला की बाया वेचत, त्यानं दम खाल्ला की त्याही दम खात. एकदा पुंडलिकरावांच्या तोंडून 'राजपुत्राचा पाय घसरला' असं निघून गेलं, तर बायांनी माय वो म्हणून हातातला कापूस खाली टाकला. शिवाय खाली हिरजीची वेळ झाली की लालीबाई हाक मारायची, "ओ मालक! हिरजी तिकडंच राह्यला काय?" मग पुन्हा धावपळ. वरून खाली, खालून वर. ढेकळांतून, तुराट्यांतून, एकदा तर विठ्ठलरावांच्या कुत्र्यासमोरून.

पळण्यापेक्षाही अवघड होतं ते रचणं. पुंडलिकरावांची जीभ लांब होती, कल्पना मात्र आखूड. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायची सवय. दुपारपर्यंत त्यांच्याजवळचे सगळे राक्षस संपले. राजपुत्र विहिरीच्या मध्यावर पोचला तेव्हा पुढे काय, हे काही केल्या सुचेना. म्हणून त्यांनी विहिरीच्या भिंतीत एक दार काढलं आणि दारात एक राणी उभी केली. राणीला काहीतरी बोलायला लावणं भाग होतं. त्यांना ठाऊक असलेली बाई एकच.

"'राणी म्हणाली, हे प्राणनाथा, घरात तेलाचा थेंब नाही, बैलाचा नाल पडून गेला, आणि तुमचं आपलं पुस्तकात डोकं.'"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

"'तुम्हाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. त्यापेक्षा भिंतीला सांगितलं असतं.'"

"भाऊ," तुळसाबाईनं पदर तोंडाला लावून विचारलं, "हे रानी कोन्या गावची हो?"

"मले वाट्टे नेरकडची असंन," मागून आवाज आला. डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन इंदूबाई उभ्या होत्या. त्यांचं माहेर नेरचं. "सकाळी मी जे बोलली ते विहिरीत कसं काय पोचलं?"

पुंडलिकरावांनी पुस्तक फाडकन मिटलं. तेवढ्यात खालच्या अंगाची लालीबाईही तांडा घेऊन वर आली, कारण हिरजीची वेळ केव्हाच टळून गेली होती. आल्या आल्या तिच्या कानावर पडलं की राजपुत्र सकाळपासून चढतो आहे.

"थांबा थांबा. राजपुत्र चढून राह्यला? आमाले तं हे सांगतलंच नाई!"

"तुमाले कायले पायजे?" तुळसाबाई म्हणाली. "तुमचा हिरजी हाये ना, कानामागून आला अन् तिखट झाला! जरा माणुसकी असती तं त्यानंच दोर टाकून काढला असता राजपुत्राले."

"हिरजी काढीन? काहून काढीन? त्याच्या बैलायचा कडबा राजपुत्राच्या घोड्यानं खाल्ला तवा कोन बोललं? आदी माफी माग म्हना त्याले. मंग काढते हिरजी."

"राजाचा पोरगा मिठवाल्याची माफी मागते काय?"

"मंग लटकू दे!"

"आमी नाई लटकू देनार!"

दोन्हीकडच्या बाया कमरा कसून समोरासमोर उभ्या राहिल्या. मध्ये पुंडलिकराव. "अवो बाई, शांत व्हा," असं त्यांना म्हणायचं होतं, पण तोंडातून नुसती हवा आली. दोन अंगांना दोन गोष्टी ओरडून त्या खणखणीत आवाजाचा पार चुथडा झाला होता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. रिकाम्या भात्यासारखी फुसफुस झाली.

आणि नेमके त्याच वेळी धुऱ्यावर विठ्ठलराव उगवले. त्यांच्या हातात किटली होती. "मी काय म्हन्तो बायांनो," ते अतिशय गोड आवाजात म्हणाले, "इथं कायले भांडता? माह्या वावरात राजाबी नाई अन् विहीरबी नाई. चहा हाये. आज आलं टाकलं हाये."

बायांचा आवाज खाली आला. आल्याचा वास वाऱ्यावर पसरला. एक-दोघींनी विठ्ठलरावांच्या वावराकडे पाहिलंही. ढग आता डोक्यावर आले होते आणि पुंडलिकरावांचं अर्धं वावर पांढरंशुभ्र उघडं होतं. त्यांनी हात जोडून बायकोकडे पाहिलं. बोलायला आवाज नव्हता, पण इतक्या वर्षांच्या संसारात इतक्या मनापासून ते तिच्याशी कधीच बोलले नव्हते.

इंदूबाईंनी टोपली खाली ठेवली, नवऱ्याच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि बसायला ठीक आहे म्हणून त्या त्यावर बसल्या. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं.

"तुमाले पुढचं ठाऊकच नाई," त्या म्हणाल्या. "त्या विहिरीवर कोन पानी भरे, सांगा?"

बाया एक पाऊल जवळ सरकल्या.

"हिरजीची याडी. बुढी माय. तिनं बादली सोडली, वढली, तं जड लागली. वर पाह्यते तं बादलीत राजपुत्र!"

"माय वो!" गाव म्हणालं. "याडी!" तांडा म्हणाला.

"राजपुत्र म्हन्ते, म्हातारे, मी राजाचा पोरगा. बुढी म्हन्ते, असशीन. पन आता विहिरीवर आला हायेस तं बैलायले पानी भर. मले वढवत नाई."

लालीबाई खुदकन हसली. तुळसाबाईलाही हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "अन् माफी? मिठवाल्याची माफी मागतली का नाई?"

हाच खरा नाजूक मुद्दा होता. विठ्ठलरावसुद्धा किटली तिरपी धरून थांबले.

"हिरजीची काहून मागन?" इंदूबाई म्हणाल्या. "कडबा हिरजीचा होता काय? कडबा बैलाचा होता. राजपुत्रानं बैलाची खांदमळणी केली. हातानं लोनी चोळलं खांद्याले, अन् बैलाच्या कानात म्हने, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वाद तिथंच मिटला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बोरखडीतला प्रत्येक कुणबी बैलाच्या कानात हेच म्हणतो, आणि तांड्यावर तर बैल म्हणजे घरचं माणूसच. बैलासमोर वाकायला राजाच्या पोरालाही कमीपणा नव्हता. तुळसाबाईनं चिंतामणीला हात जोडले. "निंगाला बाप्पा एकदाचा," ती म्हणाली आणि ओटी बांधायला लागली. लालीबाईनं तिच्या ओटीची मागची गाठ मारून दिली.

"मंग हिरजी अन् राजपुत्र कुठं गेले?" लालीबाईनं विचारलं.

"चाला, पातीनं चालता चालता सांगतो," इंदूबाई म्हणाल्या, आणि पहिली पात, कापसाची पहिली ओळ, त्यांनी स्वतः धरली.

असा कापूस बोरखडीत कोणी वेचला नव्हता. गाव आणि तांडा शेजारी शेजारी, एकीनंही मान वर केली नाही. इंदूबाई पुढे सरकल्या की बाया पुढे सरकत, कारण मागे राहिलं की ऐकू येत नसे. धुऱ्यावर बसलेल्या पुंडलिकरावांनाही ऐकू येईना. काचेच्या पहाडावरची जादूगाराची मुलगी कोणाला दिसली, राजपुत्राला की हिरजीला, एवढं एकच वाक्य वाऱ्यानं खाल्लं. ते उठून बायांच्या मागे मागे चालायला लागले.

"मालक," लालीबाई त्यांच्या हातात एक फडकं देत म्हणाली, "पातीत रिकाम्या हातानं चालू नये."

पुंडलिकरावांनी फडकं कमरेला बांधलं.

ढग वरून तसेच निघून गेले. पण ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. पुंडलिकरावांच्या वावरातला कापूस शेवटच्या बोंडापर्यंत घरात आला आणि ओसरी छतापर्यंत भरली. त्या ढिगाला टेकून त्यांनी घोगऱ्या आवाजात बायकोला विचारलं, "इंदू, त्या जादूगाराच्या पोरीचं काय झालं वो?"

"घरी नाई सांगत," इंदूबाई म्हणाल्या. "बाया म्हनतीन, नवऱ्याले आधी सांगतलं."

"अन् आपला कापूस तं सरला!"

"विठ्ठलरावचा हाये ना. आमी साऱ्या उद्यापासून तिकडंच जाऊन राह्यलो."

तर दुसऱ्या दिवशी साऱ्या बाया विठ्ठलरावांच्या वावरात होत्या, इंदूबाई सगळ्यांच्या पुढे होत्या आणि पुंडलिकराव राऊत, सातवी पास, कमरेला फडकं बांधून शेवटची पात धरून होते. विठ्ठलरावांना चहा करायचीसुद्धा गरज पडली नाही. तेही ओटी बांधून मधल्या पातीत घुसले होते.

दुपारी पुंडलिकरावांना एकाएकी आपला घसा मोकळा झाल्यासारखा वाटला. त्यांनी खाकरून पाहिलं. तोच जुना, खणखणीत आवाज! रात्री जागून त्यांनी पुस्तकही शेवटपर्यंत वाचून काढलं होतं. ते कंबर सरळ करून उभे राहिले आणि हात वर करून म्हणाले, "बायांनो, ऐका! पुस्तकात खरं काय लिवलं हाये ते मी सांगतो. राजपुत्र शेवटच्या पानावर..."

"चूप बसा ना भाऊ!" तुळसाबाई आणि लालीबाई एकदमच ओरडल्या. "पुस्तकाले काय समजते?"

"हात चालवा, पुंडलिकराव," विठ्ठलराव मधल्या पातीतून म्हणाले. "तुमची पात मागं पडून राह्यली."

पुंडलिकरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते मुकाट्यानं वाकले. पुढे इंदूबाईंचा आवाज दूर दूर जात होता. काचेच्या पहाडाचं दार आत्ता कुठे उघडत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी भराभरा बोंडं ओरबाडायला सुरुवात केली.